क्यू-इन-क्यू: टॅगवर दुसरा टॅग का आला?

स्विचवर डबल टॅगिंग कॉन्फिगर करायला चार-पाच कमांड पुरतात. त्या का द्यायच्या, हे समजून घ्यायचं असेल तर थोडं मागे जाऊ.

१९८० च्या दशकात बेलकोअरमधले डेव्हिड सिंकोस्की इथरनेट मोठं कसं करायचं याच्या मागे लागले होते. ब्रिज जोडत गेलं की सगळी वाहतूक एकाच स्पॅनिंग ट्रीवरून जायची, बाकीच्या लिंक नुसत्या पडून. चेस कॉटन यांच्याबरोबरच्या १९८८ च्या पेपरात त्यांनी एकाऐवजी अनेक ट्री वापरायची कल्पना मांडली. मग फ्रेम कुठल्या ट्रीची, हे सांगणारी खूणही हवी. व्हीलॅन टॅगचं बीज इथे आहे.

१९९८ मध्ये आयट्रिपलईचं ८०२.१क्यू आलं. टॅग ४ बाइटचा. पहिल्या दोन बाइटमध्ये हेक्स ८१००; उरलेल्या १६ बिटांपैकी ३ प्राधान्याला, १ मुख्यतः टोकन रिंगच्या सोयीसाठी (हो, टोकन रिंग!) आणि १२ व्हीलॅन क्रमांकाला. म्हणजे ४०९६, त्यातले ० आणि ४०९५ राखीव, हाती ४०९४. एका कॅम्पसला हे चिक्कार होतं.

पण पुढे सेवा पुरवठादार शहरभर इथरनेट विकू लागले. आता बघा, दोन ग्राहक, दोघांकडेही व्हीलॅन १०. नंबर बदला असं त्यांना सांगणार कोण? उपाय साधा निघाला: ग्राहकाची फ्रेम टॅगसकट जशीच्या तशी घ्यायची आणि वर आपला टॅग चढवायचा. सिस्कोच्या स्विचवर ग्राहकाकडच्या पोर्टला 'डॉटवनक्यू-टनेल' मोड देतात तो याचसाठी.

प्रमाणक मात्र मागाहून आलं. तोवर कुणी बाहेरच्या टॅगला ८१०० च वापरलं, कुणी ९१००, आणि दोन कंपन्यांचे स्विच जोडले की गोंधळ. २००५ च्या ८०२.१एडीने ८८ए८ ठरवून दिलं. बाहेरचा तो एस-टॅग, आतला सी-टॅग. एस-टॅगमध्ये टोकन रिंगच्या त्या बिटालाही नवं काम मिळालं: गर्दी झाली तर ही फ्रेम आधी टाकली तरी चालेल, एवढं सांगायचं.

आता कॉन्फिगरेशनमधले दोन सापळे. १५१८ बाइटची फ्रेम दोन टॅगांनी १५२६ होते. ट्रंकवर एमटीयू वाढवला नाही तर पिंग चालतो आणि मोठी फाइल अडकते. दिवसभर तुम्ही फायरवॉलला दोष देत बसता. दुसरा जास्त वाईट. ट्रंकचा नेटिव्ह व्हीलॅन आणि ग्राहकाचा बाहेरचा व्हीलॅन एकच असेल, तर स्विच बाहेरचा टॅग न लावताच फ्रेम पाठवतो. पलीकडचा स्विच आतलाच टॅग खरा धरतो आणि एकाचा डेटा दुसऱ्याच्या जाळ्यात जाऊ शकतो. म्हणून ट्रंकवर नेटिव्ह व्हीलॅनलाही टॅग लावायची सक्ती करा.

लिटरेचर रिव्ह्यू करताना एक दावा तुम्हाला भेटेल: दोन टॅग म्हणजे ४०९४ गुणिले ४०९४, जवळपास १ कोटी ६७ लाख सेवा. तो लगेच उतरवून घेऊ नका. गाभ्यातले पुरवठादाराचे ब्रिज फक्त एस-टॅग बघतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मर्यादा ४०९४ चीच. शिवाय सगळ्या ग्राहकांचे मॅक पत्ते त्यांना शिकावेच लागतात. २००८ चं ८०२.१एएच या दोन अडचणींवरच आलं: ग्राहकाची अख्खी फ्रेम दुसऱ्या मॅक हेडरमध्ये गुंडाळायची आणि सेवेला २४ बिटांचा क्रमांक द्यायचा. २०१४ मध्ये आरएफसी झालेल्या व्हीएक्सलॅनचा क्रमांकही २४ बिटांचाच आहे.