उष्णता निर्माण करावी की वाहून आणावी?

१६ जानेवारी १९३५ रोजी दिल्लीचे किमान तापमान शून्याखाली ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. सफदरजंगचा तो नीचांक आजही कायम आहे. पण १ जानेवारी २०२१ रोजी सफदरजंग येथे १.१ अंशाची नोंद झाली, तेव्हा त्याची आठवण पुन्हा जागी झाली.

सफदरजंगपासून जवळच असलेले आर. के. पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून ती सेक्टरमागून सेक्टर वाढत गेली. बदलीच्या नोकरीमुळे देशभरातून आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही होती. गावाकडे थंडी गोधडीवर निभावते. येथे सर्वांत वरच्या मजल्यावर ती निभावत नाही. खालच्या घराच्या डोक्यावर दुसरे घर असते, वरच्या घराच्या डोक्यावर केवळ स्लॅब. निरभ्र रात्री हा स्लॅब अवरक्त प्रारणांच्या रूपाने आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होऊ शकतो.

या थंडीवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कोळशाची अंगीठी. आणि तोच सर्वांत घातक. बंद खोलीत अपुऱ्या प्राणवायूत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागेही करत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वारंवार येतात. म्हणून ‘परवडणारी ऊब’ हा प्रश्न केवळ वीजबिलाचा नाही.

अंगीठीची जागा विजेच्या हीटरने घेतली. तारेतील प्रवाहाने निर्माण होणाऱ्या उष्णतेचा नियम जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडला. हीटर सळईचा असो, पंख्याचा असो वा तेलाचा. एक युनिट वीज एक युनिटच उष्णता देते. तेलाचा हीटर बंद केल्यावरही काही काळ ऊब देतो, पण ती आधी साठवलेली असते, जादा मिळालेली नव्हे.

या मर्यादेपलीकडचा मार्ग मात्र तोवर सुचू लागला होता. १८२४ मध्ये सादी कार्नो यांनी उष्णता-इंजिनांचा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जन्मलेल्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, १८५२ मध्ये ते चक्र उलटे फिरवून इमारत उबदार ठेवता येईल, असे दाखवले. उष्णता निर्माण करायची नाही, तर बाहेरच्या थंड हवेतूनच ती आत उपसून आणायची. कल्पना कागदावरून इमारतीत रुळायला अनेक दशके गेली. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारा पंप बसला आणि तो २००१ पर्यंत चालला.

बाहेर ७ अंश आणि आत २० अंश असताना कार्नोच्या सूत्रानुसार एका युनिट विजेत आदर्श यंत्र सुमारे २२ युनिट उष्णता आत आणील. प्रत्यक्षातले ‘थंड-गरम’ एसी साधारण तीन युनिटे आणते. त्या हिशेबाने दीड किलोवॅटचा हीटर रोज पाच तास, पन्नास रात्री चालला तर ३७५ युनिटे लागतात. तेवढ्याच उष्णतेसाठी एसीला १२५. सात रुपये दर धरला तर हिवाळ्यागणिक बचत १,७५० रुपये. केवळ थंडीसाठी एसी घेणाऱ्याला ती तुटपुंजी वाटेल. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचेच असेल, तर मात्र केवळ ‘गरम’ सोयीचा जादा दाम या बचतीशी ताडून पाहावा.

एसीवरील तारे येथे फारशी मदत करत नाहीत. ते देणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना १ मार्च २००२ रोजी झाली, आणि त्याचे कार्यालय आर. के. पुरममधल्याच सेवा भवनात आहे. २०१८ पासून एसीचे तारे ज्या हंगामी निर्देशांकावर ठरू लागले, तो २४ ते ४३ अंशांच्या बाह्य तापमानातले थंडावणे मोजतो. जानेवारीची रात्र त्या मोजमापात येत नाही.

त्याच ब्यूरोच्या डिसेंबर २०१८ च्या निवासी इमारत संहितेत मात्र वरच्या मजल्यासाठी महत्त्वाचा आकडा आहे: छतातून जाणारी उष्णता प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅटपेक्षा अधिक नसावी. उघड्या स्लॅबसाठी हा आकडा ३ धरला, तर बारा चौरस मीटरच्या खोलीतून दहा अंशांच्या फरकाला ३६० वॅट निसटतात, संहितेनुसार १४४. हे निरोधन मे महिन्यातही तितकेच उपयोगी पडते.

तेव्हा खर्चाचा क्रम छतापासून धरणे श्रेयस्कर. घर सरकारी असल्याने छताला हात लावता येत नसेल, तर दुपारचे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत घ्यावे. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३८ अंशांवर असतो, त्यामुळे ते खोलीत आतवर पोहोचते. संध्याकाळी जाड पडदे ओढावेत आणि रात्री खोलीऐवजी अंथरूण उबदार करावे. त्यानंतर उरलेल्या थंडीपुरताच हीटर वा एसी लावावा. अंगीठी मात्र बंद दाराआड कधीही नको.