आणखी एक पिळा

गेल्या रविवारी हौसेने घरीच गाडीचं ऑइल बदललं. सगळं झाकपाक झालं. चेंबरचा बोल्ट बसला होता, तरी वाटलं, गळायला नको, अजून एक पिळा देऊ. आणि पाना एकदम हलका झाला... अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले! मेस्त्री म्हणाला, "साहेब, ही काय तिजोरी आहे का?"

घट्ट म्हणजे नक्की किती, हा प्रश्न तसा जुनाच. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने ५५ अंशांचे प्रमाणित आटे सुचवले, १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचे. आट्यांचा आकार ठरला, पण पिळायचं किती, ते कारागिराच्या मनगटावरच राहिलं.

मग १९१८ साल, न्यूयॉर्क. शहराच्या पाणी खात्यातला कॉनराड बार वैतागला होता. जमिनीखालच्या पाइपांच्या जोडांचे बोल्ट माणसं गरजेपेक्षा जास्त आवळायची. (माझेच पूर्वज!) त्यावर उपाय म्हणून त्याने टॉर्क पाना बनवला. पुढे १९३०च्या दशकात त्याने आणि जॉर्ज फेफर्लेने, ठरवलेला जोर गाठला की आवाज करणाऱ्या पान्याचं पेटंट घेतलं.

पण गंमत अशी, की हा पानासुद्धा खरं ते मोजत नाही. बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंग. तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे दोन भाग दाबून धरले जातात. आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांत. ताणायला उरतो जेमतेम १० टक्के! आट्यांना तेल लागलं की घर्षण कमी, म्हणजे तेवढ्याच जोरात ताण कितीतरी जास्त. म्हणूनच बऱ्याच इंजिनांच्या हेड बोल्टला आधी थोडा टॉर्क देऊन मग अमुक अंश फिरवायला सांगतात.

माझा बोल्ट तर तेलाने न्हालेला होता. आकडा मॅन्युअलमध्ये छापलेला होता, तोही पाहिला नाही. ऑफिसात ज्युनियर पोरांना "आधी डॉक्युमेंटेशन वाचा" म्हणून मीच झापतो. असो.

मेस्त्रीने नवे आटे बसवून दिले. टॉर्क पानाही घेतलाय. आता मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा की तेल लागलेल्या, ते शोधत बसलोय.