फिरंगी पाते, मराठी मूठ

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयात शाळेची सहल आली, की शस्त्रांच्या दालनात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. ही तलवार खरी आहे का? आणि हिची किंमत किती? प्रश्न मुलांचे असले, तरी जुन्या शस्त्रांच्या अभ्यासकालाही हेच दोन प्रश्न सोडवायचे असतात. ते कसे सोडवतात, हे आपण एका उदाहरणावरून पाहू.

मराठ्यांच्या सरळ, लांब तलवारींपैकी अनेकींना 'फिरंग' म्हणत. त्यांचे पाते युरोपात घडवलेले असे. पोर्तुगीजांच्या व्यापारातून किंवा पकडलेल्या जहाजांवरून अशी पाती कोकणच्या बंदरांत येत आणि इथले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवत. म्हणजे फिरंग हे बऱ्याचदा दुसऱ्या हातचे शस्त्र होते. म्हणून त्याला कोणी कमी लेखले नाही. सावंतांनी परकीय जहाजावरून मिळवलेली एक तलवार शिवाजी महाराजांनी ३०० होन देऊन घेतली, अशी हकीकत बखरीत येते. होन हे सोन्याचे नाणे. चांगल्या पोलादाचे मोल तेव्हा असे होते.

पाते कुठले, हे ओळखण्यासाठी प्रथम शिक्का पाहतात. पण शिक्क्यावर भाबडा विश्वास ठेवून चालत नाही. जर्मनीतील पासाऊ गावच्या कारागिरांची धावत्या लांडग्याची खूण झोलिंगेनच्या कारागिरांनी उचलली. इटालियन पात्यांवरील दातेरी चंद्रकोरीची नक्कल तर भारतातही झाली. नावाजलेला शिक्का मारला की माल खपतो, हे तेव्हाही ठाऊक होते!

म्हणून दुसरा पुरावा धातूचा. भारतीय मुशीतले पोलाद पूर्ण वितळवून केलेले असे, त्यामुळे त्यात मळी जवळजवळ राहत नसे. युरोपातील त्या काळचे पोलाद भट्टीतल्या लोखंडाच्या गोळ्याला ठोकून केलेले असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मळीच्या बारीक रेषा दिसतात. तिसरा पुरावा जोडाचा. मुठीतून पात्यावर उतरलेल्या पट्ट्या आणि त्यांतले रिव्हेट हे इथल्या कारागिराचे काम सांगतात.

हीच रीत अलीकडच्या शस्त्रांनाही लागू पडते. दुसऱ्या महायुद्धात हाती आलेल्या जर्मन माउझर रायफली युगोस्लाव्हियाने क्रागुयेवात्सच्या कारखान्यात दुरुस्त केल्या, पुष्कळांवरील जर्मन शिक्के घासून काढले आणि आपले राजचिन्ह उमटवले. वेगवेगळ्या रायफलींचे भाग एकत्र आल्यावर त्यांवर नवे जुळते क्रमांकही टाकले. अशा रायफलीचे सर्व क्रमांक जुळले, म्हणून ती मूळची अखंड आहे असे ठरत नाही. घासल्याची खूणच तिचा खरा इतिहास सांगते.

आता कोल्हापूरकडे परत येऊ. १८७५-७६ मध्ये ब्रिटिश युवराज भारतात आले, तेव्हा कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून त्यांना एक रत्नजडित मुठीची तलवार भेट गेली. कोल्हापुरात ती 'जगदंबा' म्हणून ओळखली जाते. ती आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिच्या सरळ पात्यावर 'आय एच एस' ही येशूच्या नावाची अक्षरे तीनदा ठसवलेली आहेत. १९८० मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी भवानी तलवार परत आणण्याची घोषणा केली, तेव्हा हीच ती भवानी का, यावर मोठा वाद झाला.

विज्ञान इथे काय सांगू शकते? पाते युरोपीय आहे, हे सांगू शकते. मूठ वेगळ्या हातची आहे, हेही. पण ती कोणाच्या कमरेला होती, हे पोलाद सांगत नाही. ते जामदारखान्याच्या याद्या, भेटींच्या नोंदी आणि पत्रे यांच्या अखंड साखळीनेच ठरते. त्या साखळीतील एक कडी निसटली, की श्रद्धा उरते, पुरावा उरत नाही. आणि अशा वस्तूचे मोल धातूत नसून त्या साखळीतच असते.

वर्गात हे शिकवायला तलवार कशाला हवी? मुलांना घरातील जुना पितळी हंडा पाहायला सांगा. त्यावर कोरलेले नाव, बदललेली कडी, झाळलेला बूड. वस्तू स्वतः काय सांगते आणि आजी काय सांगते, हे वहीत दोन रकान्यांत लिहून घ्या. दोन्ही रकाने मोलाचे आहेत; ते एकमेकांत मिसळू नयेत, एवढेच शिकवायचे आहे.