सेंट अँड्रूज लिंक्स

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील गॉल्फचे इतिहासप्रसिद्ध क्रीडाक्षेत्र. ते फाइफ परगण्यात, एडिंबरोच्या ईशान्येस सु. ५० किमी. अंतरावर, उत्तर समुद्राच्या उपसागराकाठी वसलेल्या सेंट अँड्रूज या लहान नगराला लागून आहे. स्कॉटलंडमधील सर्वांत जुने विद्यापीठ (स्थापना १४१३) याच नगरात असून मध्ययुगात ते स्कॉटिश चर्चचे प्रमुख केंद्र होते. आज मात्र जगभरातून येथे येणाऱ्या प्रवाशांपैकी पुष्कळजण ‘ओल्ड कोर्स’ या मैदानावर एक फेरी खेळण्यासाठी, निदान ते पाहण्यासाठी येतात. हे मैदान कोणा संस्थानिकाच्या वा क्लबाच्या खाजगी मालकीचे नसून नगराची सामाईक जमीन आहे. या जमिनीवरील लोकांचा हक्क कसा टिकला, किंबहुना एकदा गमावल्यावर तो कसा परत मिळविला गेला, हाच तिच्या इतिहासाचा गाभा होय.

‘लिंक्स’ ही संज्ञा समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधील वालुकामय, उंचसखल पट्ट्याला उद्देशून वापरतात. प्राचीन काळी समुद्र मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर वाऱ्याने वाळू साचत गेली, तिच्या टेकड्या बनल्या आणि त्यांवर आखूड, चिवट गवत उगवले. ही जमीन नांगरटीस निरुपयोगी असल्यामुळे नगरवासी तेथे मेंढ्या चारीत, कपडे वाळवीत, नेमबाजीचा सराव करीत आणि खेळ खेळत. मराठवाड्यातील गावांच्या गायरानाशी तिची तुलना करता येईल. अशा जमिनीतील पाण्याचा निचरा लवकर होतो आणि मेंढ्यांच्या चरण्याने गवत आपोआप आखूड राहते. त्यांमुळे गॉल्फसाठी वेगळे मैदान तयार करण्याची गरज पडली नाही. वाऱ्यापासून आसरा घेणाऱ्या जनावरांनी झिजविलेले वाळूचे खळगे हेच पुढे ‘बंकर’ या अडथळ्यांचे मूळ ठरले, असे मानले जाते.

इतिहास : स्कॉटलंडमध्ये पंधराव्या शतकात गॉल्फ इतका लोकप्रिय झाला होता, की तिरंदाजीच्या सरावात त्यामुळे खंड पडतो या कारणास्तव दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकीर्दीत १४५७ मध्ये संसदेने त्यावर व फुटबॉलवर बंदी घातली. १४७१ व १४९१ मध्ये तिचा पुनरुच्चार करावा लागला, यावरून ती फारशी पाळली गेली नसावी. पुढे चौथ्या जेम्सने १५०२ मध्ये पर्थ येथील धनुष्य बनविणाऱ्या कारागिराकडून गॉल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद सापडते.

सेंट अँड्रूजच्या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याची १५५२ ची सनद. या सनदेने आर्चबिशपला लिंक्सवर ससे पाळण्याची मुभा मिळाली; पण त्याचबरोबर तेथे गॉल्फ व फुटबॉल खेळण्याचा, नेमबाजीचा आणि गुरे चारण्याचा नगरवासीयांचा हक्क त्याने मान्य केला. पुढील वादांत हाच दस्तऐवज लोकांच्या बाजूने पुढे करण्यात आला.

१४ मे १७५४ रोजी २२ सरदार व प्रतिष्ठितांनी येथे गॉल्फ खेळाडूंची संस्था स्थापन केली. राजा चौथा विल्यम याने १८३४ मध्ये आश्रय दिल्यानंतर ती ‘रॉयल अँड एन्शंट गॉल्फ क्लब’ या नावाने प्रसिद्धीस आली. तोपर्यंत तिच्या सभासदांचा एक निर्णय पुढे सर्व जगास बंधनकारक ठरेल, असा घेतला गेला होता. प्रारंभी येथील एका फेरीत २२ होल (चेंडू घालण्याचे खळगे) असत. १७६४ मध्ये पहिल्या चार आखूड होलांऐवजी दोन करण्यात आले. तेच होल परतीच्या वाटेवरही खेळले जात असल्याने फेरी १८ होलांची झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात हीच संख्या सर्वत्र प्रमाण मानली गेली.

मध्यंतरी लिंक्सवर मोठे संकट ओढवले. कर्जबाजारी झालेल्या नगरपरिषदेने १७९७ मध्ये ही जमीन हातची घालविली आणि ती स्थानिक व्यापाऱ्यांकडे गेली. त्यांनी मांस व कातडी यांच्या व्यापारासाठी येथे सशांची पैदास सुरू केली. सशांच्या बिळांनी मैदान पोखरले जाऊ लागले, तेव्हा गॉल्फ खेळाडू व नगरवासी यांनी न्यायालयात दाद मागितली. प्रत्यक्ष मारामारीचे प्रसंगही उद्‌भवले. ‘सशांचे युद्ध’ या नावाने ओळखला जाणारा हा झगडा वीस वर्षांहून अधिक काळ चालला. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप या गॉल्फप्रेमी जमीनदाराने जमीन विकत घेतल्यावर तो मिटला. मैदान वाचले; परंतु त्याची मालकी खाजगीच राहिली. ती १८९४ च्या कायद्याने पुन्हा नगराकडे आली. या व्यवस्थेनुसार क्लबने १८९५ मध्ये ‘न्यू कोर्स’ हे दुसरे मैदान बांधून दिले. १९७४ च्या कायद्यान्वये सर्व मैदानांचा कारभार एका सार्वजनिक विश्वस्त मंडळाकडे सोपविण्यात आला. क्लबची प्रसिद्ध दगडी इमारत (१८५४) पहिल्या होलच्या प्रारंभस्थानामागे उभी असल्याने मैदान क्लबचेच असावे असा प्रवाशांचा समज होतो. तो बरोबर नाही.

कारागीर व मैदानपाल : येथील खेळाडू ॲलन रॉबर्ट्सन (१८१५–५९) हा पहिला व्यावसायिक गॉल्फपटू समजला जातो. चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून चेंडू तयार करण्याचा त्याचा व्यवसाय होता. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून केलेले गटापर्चाचे चेंडू आले. ते स्वस्त व टिकाऊ असल्याने सामान्य माणसालाही खेळ परवडू लागला. मात्र पिसांच्या चेंडूचा धंदा बसला. याच प्रश्नावरून रॉबर्ट्सन व त्याचा साहाय्यक टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांच्यात बेबनाव झाला आणि मॉरिस प्रेस्टविकला गेला. तेथेच १८६० मध्ये ‘ओपन’ अजिंक्यपद स्पर्धेचा प्रारंभ झाला. पुढे मॉरिस मैदानपाल म्हणून सेंट अँड्रूजला परतला आणि १९०३ पर्यंत त्याने हे काम केले. गवतावर वाळू पसरून ते जोमदार करण्याची पद्धत त्याने रूढ केली. ओपन स्पर्धा येथे प्रथम १८७३ मध्ये झाली; २०२२ मधील दीडशेवी स्पर्धा ही येथे भरलेली तिसावी होय.

मैदानाचे स्वरूप : ओल्ड कोर्सवर जाण्याच्या व येण्याच्या वाटा शेजारीशेजारी आहेत. त्यामुळे आखूड गवताच्या ‘ग्रीन’पैकी सात जोडग्रीन असून त्यांवरील होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते (उदा., दुसरा व सोळावा). केवळ पहिला, नववा, सतरावा व अठरावा या होलांना स्वतंत्र ग्रीन आहेत. वाळूचे ११२ बंकर, स्विल्कन ओढ्यावरील लहानसा जुना दगडी पूल आणि रस्त्याला खेटून असलेला सतरावा होल ही विशेष प्रसिद्ध आहेत. समुद्रावरून वाहणारा वारा दिशा बदलतो, तसा तोच होल सकाळी सोपा व दुपारी अवघड होतो. जवळच स्त्रियांच्या संस्थेचे (स्थापना १८६७) उंचवट्यांनी भरलेले छोटे क्रीडांगण असून त्यास ‘हिमालय’ असे नाव पडले आहे. रॉयल अँड एन्शंट क्लबने मात्र स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय २०१४ मध्ये घेतला.

१८५२ मध्ये रेल्वे आल्यापासून सुट्टीत खेळावयास येणाऱ्यांची संख्या वाढली. ती रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली, तरी ओघ थांबला नाही. आज येथे सात मैदाने आहेत. ओल्ड कोर्सवरील खेळाच्या बऱ्याच वेळा सोडत काढून दिल्या जातात. पाहुण्यांना भारी शुल्क द्यावे लागते, तर रहिवाशांना अल्प वार्षिक वर्गणीत खेळता येते. रविवारी सामान्यतः खेळ बंद असतो आणि मैदान फिरावयास येणाऱ्यांसाठी खुले राहते.

हा खेळ स्कॉटिश व्यापारी व सैनिक यांच्याबरोबर भारतात आला. १८२९ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेला क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना मानला जातो. मुंबईचा क्लब १८४२ चा. तथापि भारतात गॉल्फ मुख्यतः छावण्या आणि क्लब यांच्या कुंपणाआड वाढला, त्यामुळे तो श्रीमंतांचा खेळ ही समजूत दृढ झाली. सेंट अँड्रूजचा इतिहास त्याहून वेगळा आहे : तेथे मेंढपाळ, कारागीर व सरदार यांनी एकाच चराऊ रानावर तो वाढविला. त्या रानापुढे आज समुद्राने होणाऱ्या धुपीचा प्रश्न उभा आहे आणि किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या भरून, त्यांवर गवत लावून तो सोडविण्याचे प्रयत्न चालू आहेत.