परक्याच्या नावे पडलेले दान

महाभारतातील द्यूताचा प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. भर सभेत द्रौपदीने विचारले होते की, जो पुरुष आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? भीष्मासारखा ज्ञाताही त्या प्रश्नापुढे अडखळला. जुगारात नीती-अनीतीचा प्रश्न तर असतोच; पण त्याच्याही आधी अधिकाराचा प्रश्न असतो, हे त्या तेजस्विनीने ओळखले होते. डाव कोणाला मांडता येतो? आणि दान पडलेच, तर ते कोणाचे?

आज आपण याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहणार आहोत. जो त्या देशाचा नाही, ज्याचे नाव तेथील मतदारयादीत नाही, कदाचित ज्याच्यापाशी तेथे राहण्याचा परवानाही नाही, अशा उपऱ्या माणसाने सरकारी लॉटरीचे तिकीट घेतले आणि त्यालाच पहिले बक्षीस लागले, तर ते त्याचे होते काय? प्रश्न क्षुल्लक वाटतो; पण त्याच्या मागोमाग गेलो, तर साडेचारशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. आम्ही त्यासाठी मुख्यतः अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे, कारण तो देशच मुळी बाहेरून आलेल्यांचा.

प्रारंभ मात्र इंग्लंडपासून केला पाहिजे. १५६७ साली एलिझाबेथ राणीने बंदरांच्या दुरुस्तीसाठी आणि अशाच लोकोपयोगी कामांसाठी एक मोठी लॉटरी जाहीर केली. चार लक्ष तिकिटे आणि दर तिकिटाला दहा शिलिंग. मजुराच्या आवाक्याबाहेरचीच ही किंमत होती. पहिले बक्षीस पाच हजार पौंडांचे. सोडत ११ जानेवारी १५६९ रोजी लंडनच्या सेंट पॉल मंदिराच्या पश्चिम दरवाजाशी सुरू झाली आणि ६ मेपर्यंत चालली. तिकिटे फारच थोडी खपली, हा भाग निराळा. आमचे लक्ष वेधले ते जाहीरनाम्यातील एका सवलतीने. तिकीट घ्यायला येणाऱ्या माणसाला सात दिवस अटक होणार नाही, असे राणीने अभय दिले होते! खून, चाचेगिरी, राजद्रोह असले घोर अपराध तेवढे वगळले होते. कर्जबुडवा असो की किरकोळ गुन्हेगार, लॉटरीच्या दारात तो राणीचा पाहुणा. राजाला पैशाची गरज पडली म्हणजे तो माणसाची जात-पात, अपराध-अपवाद सारे काही विसरतो. हे सात दिवसांचे अभय आपण ध्यानात ठेवावे; शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

पुढे १६०७ साली इंग्रजांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेम्सटाउनची वसाहत घातली. रोगराई, उपासमार आणि तेथील मूळ रहिवाशांशी झालेल्या झटापटी यांनी ती मोडकळीला आली. तेव्हा १६१२ साली पहिल्या जेम्स राजाने व्हर्जिनिया कंपनीला लॉटरी काढण्याची सनद दिली. लंडनमधील एका शिंप्याला पहिले बक्षीस लागले, चार हजार क्राउन किमतीची चांदीची भांडी. १६२१ साली राजाने ही लॉटरी बंद केली. तोवर कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग तिच्यावरच चालत असे. म्हणजे अमेरिकेत जाऊन वसलेल्या पहिल्या इंग्रज उपऱ्यांच्या पोटात जे अन्न गेले, त्यातील पुष्कळसे लॉटरीच्या पैशाचे होते. मूळ रहिवाशांच्या दृष्टीने तेच परके होते, आणि त्यांच्यापाशी परवाना कोणाचा होता, हे विचारणारा तेथे कोणी नव्हता.

वसाहती वाढल्या तशा तेथेही सोडती सुरू झाल्या. रस्ते, पूल, प्रार्थनामंदिरे, हार्वर्डसारखी विद्यालये यांना त्यांनी पैसा पुरवला. १७७६ साली स्वातंत्र्ययुद्धाच्या खर्चासाठी तेथील काँग्रेसनेही लॉटरी काढली. अशाच एका लॉटरीने १७९९ साली चार्ल्स्टन शहरात एक विलक्षण घटना घडवली.

डेन्मार्क व्हेसी नावाचा एक गुलाम त्या शहरात राहत असे. वेस्ट इंडीज बेटांतून एका जहाजाच्या कप्तानाने त्याला आणले होते. तो स्वखुशीने आलेला नव्हे, पकडून आणलेला उपरा. नोव्हेंबर १७९९ मध्ये त्याच्या तिकिटाला दीड हजार डॉलरचे बक्षीस लागले. आता द्रौपदीचा प्रश्न उलटा करून पाहा. ज्याचे शरीरच कायद्याने दुसऱ्याचे, त्याच्या हाती आलेला पैसा कोणाचा? कायद्याच्या अक्षराप्रमाणे गुलामाला मालमत्ता नव्हती. धन्याने ती रक्कम हिसकावून घेतली असती, तर दाद मागायला त्याला जागा नव्हती. परंतु व्यवहारात तसे झाले नाही. पैसा त्याच्या हाती राहिला, आणि ३१ डिसेंबर १७९९ रोजी सहाशे डॉलर मोजून त्याने स्वतःलाच विकत घेतले. युधिष्ठिर द्यूतात स्वतःला हरला होता. हा माणूस सोडतीत स्वतःला जिंकला.

पण येथेच कथा संपत नाही. त्याची बायको व मुले दुसऱ्या धन्याची होती. आई गुलाम म्हणजे लेकरे गुलाम, असा कायदा. त्यांची सुटका त्याला करता आली नाही. १८२२ साली गुलामांच्या उठावाचा कट रचल्याच्या आरोपावरून त्याला फाशी देण्यात आले. त्या प्रकरणात एकूण ३५ जण फासावर चढले. कटाचे स्वरूप खरोखर काय होते, याविषयी इतिहासकारांत आजही वाद आहे. आपल्यापुरता धडा एवढाच की, दान पडणे आणि माणूस म्हणून गणले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दैवावर अवलंबून असते, दुसरी समाजावर.

यानंतर अमेरिकेत लॉटरीविरुद्ध लोकमत उसळले. ठेकेदारांची लबाडी हे एक कारण, धर्मोपदेशकांचा विरोध हे दुसरे. १८३३ पासून एकामागून एक राज्यांनी बंदी घातली. लुइझियाना राज्यातील कंपनीची लॉटरी तेवढी देशभर पाय पसरून होती. तिला आळा घालण्यासाठी १८९० साली टपालातून लॉटरीचा प्रचार बंद झाला, १८९५ साली तिकिटे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे गुन्हा ठरले, आणि १९०३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. पुढे १९६४ पर्यंत तेथे सरकारी लॉटरी म्हणून नव्हती.

मग सामान्य माणूस खेळायचा थांबला काय? मुळीच नाही. ज्यांना कायद्याने आत घेतले नव्हते, त्यांनी आपापल्या वस्त्यांत आपले खेळ मांडले. सान फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत ऐंशी अक्षरांच्या चिठ्ठीची सोडत चाले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाची दारे बंद झाली होती, तरी त्यांची चिठ्ठी गोऱ्यांच्या हाती गेलीच. १९३० च्या दशकात नेव्हाडातील जुगारघरांनी हाच खेळ उचलला, चिनी अक्षरांच्या जागी आकडे घातले आणि लॉटरीबंदीतून सुटण्यासाठी त्याला घोड्यांच्या शर्यतीचे सोंग दिले. आजचा ‘कीनो’ तो हाच. फ्लॉरिडात टँपा शहरी विड्या वळणाऱ्या क्यूबन कामगारांनी ‘बोलिता’ आणली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२० च्या दशकात ‘नंबर’चा धंदा भरभराटीला आला. त्याचा एक मोठा चालक कॅस्पर होलस्टीन हा डॅनिश वेस्ट इंडीज बेटांतून आलेला. कृष्णवर्णी लेखकांना ‘अपॉर्च्युनिटी’ मासिकातर्फे दिल्या जाणाऱ्या पारितोषिकांसाठी त्यानेच पैसा दिला होता. बेकायदा आकड्यांतून वाङ्मयाची सेवा! मनुष्यस्वभावाचे धागे असे गुंतागुंतीचे असतात.

मुंबईकरांना यात ओळखीचे काही दिसले असेल. हार्लेमचा आकडा न्यूयॉर्कच्या बँकांच्या उलाढालीच्या बेरजांवरून काढीत. आणि आपल्याकडे न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या-बंदत्या भावांवर आकडा लावीत. ते भाव येणे थांबले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि ‘मटका’ हा शब्द रूढ झाला. गिरणगावात तो खेळणारे बहुतेक कोकण-घाटावरून पोटासाठी आलेले. पोटामागे गाव सोडलेल्या माणसाला दैवाचा आधार अधिक लागतो, मग ते गाव रत्नागिरीकडचे असो की हवानाकडचे.

१९६४ साली न्यू हॅम्पशायर या लहानशा राज्याने शाळांच्या खर्चासाठी सरकारी लॉटरी पुन्हा सुरू केली. तिकीट तीन डॉलरचे. गंमत अशी की, घेणारे बहुसंख्य लोक त्या राज्याचे नव्हतेच; शेजारच्या राज्यांतून मोटारी भरभरून येत. तिकीट सीमेपलीकडे नेणे गुन्हा, म्हणून मूळ तिकीट यंत्रातच राही आणि माणसाला नुसती पोच मिळे. म्हणजे नव्या युगाची पहिली लॉटरीच परक्यांच्या पैशावर उभी राहिली. मग १९६७ साली न्यूयॉर्कने आणि त्यानंतर एकेक करून बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. १९७५ साली न्यू जर्सीने रोजचा आकडाही सरकारी केला. हार्लेममध्ये ज्यासाठी लोक तुरुंगात गेले, तेच आता सरकारी गल्ल्यावर उजळ माथ्याने मिळू लागले.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. अमेरिकेच्या या राज्य-लॉटऱ्यांत नागरिकत्वाची अट नाही. वय भरले असले, बहुतेक राज्यांत अठरा वर्षे, म्हणजे विद्यार्थी, प्रवासी, नोकरदार, कोणीही तिकीट घ्यावे आणि लागलेले बक्षीस मागावे. कायदा तिकीट पाहतो, जन्मभूमी पाहत नाही. २०१५ साली बगदादच्या एका गृहस्थाने ऑरेगन राज्याचे तिकीट दलालामार्फत मागवले होते. त्याला चौसष्ट लक्ष डॉलर लागले, आणि राज्याने ते दिले. करवसुलीत मात्र भेद आहे. तेथे कायम न राहणाऱ्या परकीयाच्या बक्षिसातून तीस टक्के आधीच कापून घेतात. ब्रिटन, जर्मनी अशा काही देशांच्या रहिवाशांना करारान्वये सूट मिळते. भारत त्या देशांत नाही. शिवाय बक्षीस लागल्याने देशात राहण्याचा हक्क मिळत नाही.

येथेच खरे शल्य आहे. ज्याच्यापाशी राहण्याचे कागद नाहीत, त्यालाही कायद्याने बक्षीस नाकारलेले नाही. पण ते मागायचे म्हणजे कचेरीत जायचे, ओळखपत्र दाखवायचे, करखात्याला नाव कळवायचे. आणि पुष्कळ राज्यांत विजेत्याचे नाव जाहीरही होते. ज्याने वर्षानुवर्षे आपले नाव लपवून दिवस काढले, त्याने ते वर्तमानपत्रात कसे छापू द्यावे? दक्षिणेकडील एका राज्यात २०१० च्या सुमारास ग्वाटेमालातून आलेल्या अशाच एका मजुराला मोठे बक्षीस लागले. भीतीपोटी त्याने तिकीट आपल्या मालकाच्या हाती दिले; मालकाने बक्षीस आपल्या नावावर घेतले आणि ते आपलेच असल्याचे सांगितले. मजुराला देशाबाहेर जावे लागले. पण तो न्यायालयात गेला, आणि ज्यूरीने पैसा त्याचाच असल्याचा निर्णय दिला. कायदा त्याच्या बाजूने होता. परंतु कायद्याच्या दारापर्यंत जाण्याचे धैर्य त्याला आधी झाले नाही, आणि त्या एका क्षणाच्या भीतीवर दुसऱ्याने डल्ला मारला.

आपल्या घरी काय स्थिती आहे? केरळ सरकारने १९६७ साली लॉटरी खाते काढले, महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ ची. पण परदेशी लॉटरीचे तिकीट घेण्यासाठी येथून पैसे पाठवणे २००० सालच्या परकीय चलन नियमांनी निषिद्ध आहे, आणि येथील लॉटरीत जिंकलेला पैसा परदेशी पाठवणेही निषिद्ध आहे. तेव्हा “आपणांस परदेशी लॉटरी लागली आहे, आधी अमुक रक्कम भरा” असा निरोप आला, तर तो ठकाचाच समजावा. न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नसते, हे लहान मूलही सांगेल. पण लोभ मोठ्यांना लहानांहून अजाण करतो.

एक दृश्य मात्र नोंदवण्यासारखे आहे. बंगाल-आसामकडून केरळात मजुरीला गेलेल्या माणसांना तेथील लॉटरी लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही, खिशात लाखोंचे तिकीट. अशा वेळी त्यांतले काही जण थेट पोलीस ठाण्यात गेले आणि म्हणाले, आम्हाला सांभाळा. पोलिसांनी त्यांना सांभाळले. अमेरिकेतला तो मजूर ज्या दारापासून पळाला, त्याच दाराशी हे आसऱ्याला गेले. दोघेही पोटासाठी दूर आलेले, दोघांचेही तिकीट खरे. फरक एवढाच की, एकाला आपण या देशाचे आहोत हे ठाऊक होते.

लॉटरी चांगली की वाईट, हा वाद आम्ही आज मुद्दामच बाजूला ठेवला आहे. गरिबाच्या आशेवर बसवलेला तो कर आहे, असे म्हणणाऱ्यांशी आमचा फारसा मतभेद नाही. परंतु ज्याच्याकडून तिकिटाचे पैसे घेताना सरकार नाव-गाव विचारीत नाही, त्याने बक्षीस मागायला यावे तेव्हा त्याला निर्भयपणे येता आले पाहिजे, एवढा न्याय तर त्या व्यवहारातच आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी एका राणीने स्वार्थापोटी का होईना, तिकीट घेणाऱ्याला सात दिवसांचे अभय दिले होते. दान पडलेल्याला किती दिवसांचे द्यावे, हा प्रश्न अजून सभेत पडूनच आहे. आणि द्रौपदीच्या प्रश्नाप्रमाणे त्यावरही सभेतील वडीलधारी माणसे खाली मान घालून बसली आहेत.