हेळव्याची वही आणि तीर्थोपाध्यायाची चोपडी #थ्रेड

सुगी आटोपली की कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या गावांत बैलावर बसून हेळवी येत असे. ओसरीवर बसून तो त्या घराण्याचे मूळ गाव, कूळ, देवक आणि पिढ्यांची नावे खड्या आवाजात म्हणून दाखवी. मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या मुलांची नावे वहीत चढत आणि घरधनी धान्य, कपडा किंवा रोख बिदागी देई.

कन्नडमध्ये ‘हेळव’ म्हणजे पांगळा. बैलावरून फिरण्याची प्रथा या नावाशी जोडली जाते. वंशावळी सांगणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. कोणती घराणी कोणत्या हेळव्याची, हेही वारशानेच ठरलेले. आज पैसे मोजून वंशशोधक नेमण्याची पद्धत परदेशी वाटते खरी, पण आपल्याकडे तो वंशशोधक स्वतःच दारी येत होता.

तीर्थक्षेत्री रीत उलटी. नाशिक-त्र्यंबकेश्वरी यजमान उपाध्यायाकडे जातो. आडनाव आणि गाव सांगितले की त्या कुळाचा उपाध्याय कोण, हे कळते. त्याच्या चोपडीत आलेल्या माणसाने वडील, आजोबा, पणजोबा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहून खाली सही करायची. जुने लेख मोडीत आहेत.

इतिहासाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. हेळव्याची वही परंपरेने ऐकलेले सांगते. चोपडीतील लेख त्या दिवशी तेथे हजर असलेल्या माणसाचा. हरिद्वारच्या अशाच वह्यांतून कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी पंडित सेऊ, माणकू, नैनसुख या पहाडी चित्रकारांचे घराणे जुळवले आणि १९६८ मध्ये शैलीचा आधार दरबार नसून कुटुंब आहे, असे मांडले.

मात्र वंशावळ निव्वळ आठवणीपोटी क्वचितच लिहिली गेली. मराठेशाहीत तिच्यावर वतन ठरे. पाटीलकीत वडीलपणाचा मान थोरल्या शाखेचा, म्हणून मूळ पुरुषाचा थोरला मुलगा कोणता, या एका प्रश्नावर भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडले. गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढण्याचे रवादिव्य! बोटे भाजली की हक्क गेला.

एवढे पणाला लागल्यावर बनावट कागद होणारच. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांची चौकशी करण्याचा अधिकार मिळाला आणि इनामदारांना सनदांबरोबर वारसाची साखळीही दाखवावी लागली. म्हणून वतनाच्या वादात पुढे आलेल्या वंशावळीत गाळलेला भाऊ हा लेखकाचा विसर नसून दाव्याचा भागही असू शकतो. मुली तर बहुतेक वंशावळींत नाहीतच. ज्यांना वतन मिळायचे नाही, त्यांची नोंद कोण आणि कशासाठी ठेवणार?

वंशावळीचे वजन आजही उतरलेले नाही. जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद सापडणे पुरेसे नसते. नोंदीतला माणूस अर्जदाराचा पूर्वजच आहे, हे नात्याने जुळवावे लागते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यावर कुणबी नोंदींसाठी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

ज्यांच्या घरी अजून हेळवी येतो किंवा नाशिकला जाणे होते, त्यांनी केवळ नावांचा वृक्ष उतरवून घेऊ नये. मूळ पानाचे छायाचित्र घ्यावे. लेखाची तिथी, लिहिणाऱ्याचे नाव, तो कोणत्या निमित्ताने आला होता, सोबत कोण होते, हे सारे टिपावे. हेळव्याला विचारावे की वही कोणत्या जुन्या वहीवरून उतरवली आणि ती कधी उतरवली. बिदागी अर्थातच द्यावी, पण मूळ पुरुष कोण असावा याविषयी आपली इच्छा त्याला आधी सांगू नये.