एस. टी.च्या तोट्याचा धनी कोण?

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई प्रांताची पहिली सरकारी प्रवासी गाडी धावली. लाकडी सांगाड्याच्या त्या गाडीची हकीकत आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु गाडी कोणी सुरू केली ह्यापेक्षा तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर तेव्हा कोणी दिले नाही, आणि पुढे पाऊणशे वर्षे विधिमंडळासमोर दर अर्थसंकल्पाच्या वेळी तो वेगवेगळ्या वेषांत येत राहिला.

त्यापूर्वी वाहतूक खाजगी मालकांच्या हाती होती. गाडी भरली की निघावयाची, आणि जेथे उतारू अधिक तेथेच ती जावयाची, असा एकंदर प्रकार. वेळापत्रकाची गाडी आडगावीही गेली पाहिजे, ही कल्पनाच सरकारी वाहतुकीने रुजवली. निजामाच्या राज्यात तर 1932 पासूनच रेल्वे खात्याच्या जोडीने सरकारी मोटारी धावत होत्या. मराठवाड्यातील जुन्या मंडळींना ते ठाऊक असेल. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र ह्या तिन्ही भागांतील वाहतूक 1961 मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एका छत्राखाली आली.

ह्या महामंडळांचा पाया 1950 चा केंद्रीय कायदा. तो वाचताना मौज वाटते. एका कलमात महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी आणि काटकसरीची सेवा द्यावी असे म्हटले आहे. दुसऱ्या कलमात कारभार व्यापारी तत्त्वांवर चालावा असे बजावले आहे. जो मार्ग सेवेच्या दृष्टीने आवश्यक, पण व्यापाराच्या दृष्टीने बुडीत, त्याचे काय करावे, ह्याविषयी कायदा निःशब्द आहे. उलट उरलेला नफा राज्य सरकारने रस्त्यांच्या सुधारणेसाठी घ्यावा, अशी तरतूद मात्र मूळ मसुद्यात आवर्जून होती! त्या काळच्या आशावादाचा ह्याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही. भांडवलही सरकारांनीच पुरवावयाचे होते. सर्वसाधारणपणे राज्याने दोन हिस्से आणि केंद्राने, रेल्वेमार्फत, एक हिस्सा द्यावा अशी वहिवाट पडली. हा केंद्राचा झरा पुढे आटला.

तरीही पहिली काही दशके गाडा चालला. तो कसा चालला, हे समजून घेतल्यावाचून पुढचा पेच उलगडत नाही. मोटार वाहन कायद्यात 1956 साली झालेल्या दुरुस्तीने राज्य परिवहनाला ठराविक मार्ग केवळ आपल्याकडे राखून घेण्याचा अधिकार मिळाला. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या गर्दीच्या मार्गांवर जे शिल्लक पडे, त्यातून घाटमाथ्यावरील वाडीची, किंवा अरण्याच्या कडेच्या गावची रिकामी फेरी भागवली जाई. म्हणजे गावोगावी एस. टी. पोचवण्यासाठी विधिमंडळाला वेगळी रक्कम मंजूर करावी लागत नव्हती. हमरस्त्यावरचा उतारू आपल्या नकळत आडगावच्या उतारूचे भाडे भरीत होता. हा एक अलिखित अर्थसंकल्पच होता. त्यावर सभागृहात चर्चा होण्याचे कारण नव्हते, म्हणून तो टिकला असे माझे मत आहे.

शिवाय सरकार त्या तिकिटातून घेतही होते. मुंबई राज्याने 1958 मध्ये प्रवाशांवरील कराचा कायदा केला, आणि हा कर महाराष्ट्रात पुढे भाड्याच्या 17.5 टक्क्यांपर्यंत चढला. वाहकाच्या चामडी पिशवीत पडणाऱ्या पैशांतून तो तिजोरीत जाई. विद्यार्थी, वृद्ध आणि इतरांना सवलती जाहीर करावयाच्या त्याही सरकारनेच. त्यांची भरपाई मात्र सवडीने. त्यामुळे महामंडळाकडे सरकारचा कर थकलेला आणि सरकारकडे महामंडळाची भरपाई थकलेली, असा चमत्कारिक हिशेब वारंवार पाहावयास मिळाला.

1988 च्या नव्या मोटार वाहन कायद्यानंतर खाजगी आरामगाड्यांना वाव मिळाला आणि जुनी घडी विसकटली. लाभाचे मार्ग वाटले गेले, जवळच्या अंतरावर वडापने उतारू पळवले. आडगावची फेरी तेवढी एस. टी.कडे राहिली. जी भरपाई पूर्वी हमरस्ता करीत असे ती आता कोणी करावयाची, हे सभागृहाला उघडपणे ठरवावे लागणार होते.

इतर राज्यांनी आपापल्या परीने ते ठरवले. मध्य प्रदेशाने ह्या शतकाच्या पहिल्या दशकात आपले महामंडळ गुंडाळण्याचा मार्ग धरला. आंध्र प्रदेशाने जानेवारी 2020 पासून सर्व कर्मचारी सरकारी सेवेत सामावून घेतले. महाराष्ट्राने दोन्हींपैकी काहीच केले नाही. 2021 च्या ऑक्टोबरअखेर पेटलेला संप विलीनीकरणाच्या मागणीवर एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. विलीनीकरण नको, असे सांगणारा समितीचा अहवाल त्याच मार्च महिन्यात, अधिवेशन चालू असताना, विधिमंडळासमोर आला. दरम्यान सरकारने वेतनवाढ देऊन पगाराला आपला आधार दिला. परीक्षेच्या दिवसांत तालुक्याच्या शाळेत पायी जाणाऱ्या मुलींना त्या वादातील कलमे अर्थातच ठाऊक नव्हती.

मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात महिलांना अर्ध्या भाड्याची सवलत जाहीर झाली आणि 17 मार्चपासून ती अमलात आली. त्याआधी, ऑगस्ट 2022 मध्ये, 75 वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत झाला होता. गाड्या पुन्हा भरल्या, ही गोष्ट खरी. पण त्याबरोबर महामंडळाच्या मिळकतीचा मोठा वाटा उतारूच्या हातून निघून सरकारी भरपाईच्या हाती गेला. जानेवारी 2025 मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हा महिलेचे अर्धे तिकीट जसे महागले तसा सरकारने भरावयाचा उरलेला अर्धाही त्याच प्रमाणात वाढला. त्याच वर्षी जूनमध्ये निघालेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा 10,000 कोटी रुपयांच्या वर दाखवला आहे.